परीक्षेला मी बसले होते

मी, वय २८ वर्षे, धंदा इंग्रजीच्या खासगी शिकवण्या, राहणार बस आगारामागे, पिठाच्या गिरणीच्या वर, पहिला मजला. नाव व सही जबाबाखाली आहे. आज रोजी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे वडील राहतो. वडील घड्याळे दुरुस्त करतात. आई चार वर्षांपूर्वी वारली. धाकटी बहीण, वय २४, मागील सप्टेंबरात परदेशी विद्यापीठात शिकायला गेली. तिच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत तोतया उमेदवार बसल्याची तक्रार परीक्षा केंद्राने आपल्याकडे दिली आहे. त्यात फक्त बहिणीचे नाव आहे. ती तोतया मी.

परीक्षा त्याआधीच्या मार्चमध्ये, सकाळी नऊ वाजता होती. आम्हा दोघींचा तोंडवळा एक. फोटोत सख्खी मावशीही फसते. मी चष्मा काढला, बहिणीसारखा मधोमध भांग पाडला. दारावरच्या माणसाने तिचा पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि आत सोडले. बहीण त्या वेळी घरी होती.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, हे लोक बोलतात ते इंग्रजीच आहे ना गं?" आम्ही दोघी हसलो. नंतर ती वर्गातले बोलणे फोनवर टिपून मला पाठवू लागली. मी ते ऐकून मराठीत लिहून पाठवत असे. तिचे निबंध मी लिहिले. एकूण सात. ते लिहायला मला आवडत होते, हेही लिहून घ्यावे.

तिची खोली तिने व्हिडिओवर दाखवली होती. खिडकी चार बोटेच उघडते. स्वयंपाकघर सहा मुलींत एक. त्या जेवून गेल्या की ही जाई, कारण कोणी काही विचारले तर काय बोलायचे. सुट्टीच्या दिवशी ती हॉटेलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. म्हणे, "तिथं माझं बरं चाललंय. चादरी काही विचारत नाहीत."

मागील महिन्यात सातव्या निबंधावर प्राध्यापक बाई खूश झाल्या व त्यांनी तिला त्यावर बोलायला बोलावले. प्रश्न सोपा होता, तिला समजलाही होता. तिने सांगितले की निबंध आपला नाही, परीक्षाही आपण दिलेली नाही. कोणी दिली ते तिने सांगितले नाही. संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "ताई, इथं आल्यापासून पहिल्यांदाच मी न अडखळता बोलले." प्रवेश रद्द झाला. ती शुक्रवारी परत येत आहे.

मला स्वतःला परदेशी शिकायला जायचे होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय. प्रवेशही मिळाला होता. त्याच वर्षी आईने अंथरूण धरले. त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे की नाही, हे मला सांगता येत नाही.

वडिलांना यातले काही माहीत नाही. बहीण येते आहे, एवढेच सांगितले आहे. ते म्हणाले, "सुट्टी लागली वाटतं." मी हो म्हटले. काल त्यांनी तिची गादी गच्चीवर उन्हात टाकली.

हवालदार बाईंनी जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'बहिणीच्या संमतीने' असे लिहिले गेले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "मला बसू दे ना, ताई. नापास झाले तर झाले." मी म्हटले, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते." त्यावर ती गप्प बसली. ती संमती नव्हे. ते दोन शब्द मी माझ्यासमोर खोडून घेतले आहेत. बाकी मजकूर मी बोलले तसाच उतरला आहे व तो खरा आहे, म्हणून खाली सही करते.