मागावर न चढलेले पोपट

महादेवप्पा : ते चित्र आधी भिंतीवरनं उतरवा, बाई. मग काय बोलायचं ते बोलू.

वैजयंती : बसा तरी, अप्पा. सिद्धेश्वरीचे आजोबा ना तुम्ही? उद्या सकाळी प्रदर्शन आहे, सगळ्या मुलांची चित्रं लावून झाली. हेच का उतरवू?

महादेवप्पा : ह्यात आमच्या चादरीची नवी नक्षी हाय. अजून मागावर चढली न्हाय. उद्या पेठेतलं कुणीतरी येणार, मोबाईल काढणार, आणि माझे पोपट दुसऱ्याच्या मागावर!

वैजयंती : पोरीच्या चित्रावरनं चादर विणतात होय कुणी?

महादेवप्पा : पोरीनं माझ्या नक्षीच्या चौकटीच्या कागदावरची घरं मोजून काढलीत. घरं मोजता आली की नक्षी उचलता येते. गेल्या साली माझे हंस असेच उडाले. माझी चादर निघायच्या आत दुसऱ्याच्या दुकानात लटकत होती. तवापासून कामाचा कागद कपाटात, आणि किल्ली कमरेला.

वैजयंती : मग हिनं पाहिला कुठं?

महादेवप्पा : तेच इचारतोय. घरात रोज दिसतं ते काढा, असं पोरांना कुणी सांगितलं?

वैजयंती : मीच.

महादेवप्पा : का? आमच्या घरात काय चाललंय ते तुमाला कशाला पायजे?

वैजयंती : सगळी मुलं दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली नदी काढत होती. ते डोंगर सोलापुरात कुणी पाहिलेत? म्हणून म्हटलं, पाहिलेलं काढा.

महादेवप्पा : बोलणं गोड हाय तुमचं. चार चित्रकार मिळून बंद मागाची शेड घेता, पोरांना रंग देता, वर बिस्किटं. फुकट कोण काय देतं हो? आणि तो दाढीवाला फोटो कशाला काढतोय?

वैजयंती : मंजुनाथ आमच्यातलाच आहे. मंजू, ह्या चित्राचा फोटो पुसून टाक. पुसलेला दाखव अप्पांना... झालं? आता जिनं काढलंय तिला विचारू. ये गं, सिद्धेश्वरी.

महादेवप्पा : सिद्धव्वा, कपाट कुणी उघडलं?

सिद्धेश्वरी : कुणीच नाही, अज्जा. तुम्ही काम करता तेव्हा मी समोरच अभ्यासाला बसते की.

महादेवप्पा : आणि पोपट काढ म्हणून बाईंनी सांगितलं?

सिद्धेश्वरी : पोपट नाही काढले मी.

महादेवप्पा : मग हे हिरवे, चोचीला चोच लावलेले कोण हायत?

सिद्धेश्वरी : ते कागदावर आहेत. मी तुम्हाला काढलंय.

महादेवप्पा : मला? कुटं?

वैजयंती : अप्पा, नाक लावून बघताय तुम्ही. जरा मागं या. अजून थोडं. आता वर बघा.

महादेवप्पा : ...हे टक्कल माझं?

सिद्धेश्वरी : वाकलेले असता ना, म्हणून तेवढंच दिसतं. चष्म्याला दोरी बघा.

महादेवप्पा : मी असा दिसतो?

सिद्धेश्वरी : रोज.

वैजयंती : मला विचारत होती, अज्जा मान वर करतच नाहीत, मग डोळे कसे काढू? मी म्हटलं, दिसत नाहीत तर नको काढूस.

महादेवप्पा : ते ऱ्हाऊ द्या. नक्षी तर दिसतीयच की. पोरगी माझी हाय, बघायला येणारे माझे न्हाईत.

सिद्धेश्वरी : मग उतरवा, बाई. सगळ्यांची असू देत. माझं नको.

वैजयंती : उतरवते. चित्र तुझं, नक्षी त्यांची. दोघांनी हो म्हटलं तरच लावायचं.

महादेवप्पा : थांबा वो. सिद्धव्वा, माझा दुसरा हात कुटं हाय ह्यात?

सिद्धेश्वरी : टेबलाखाली. मला बोटं जमत नाहीत.

महादेवप्पा : काम करताना तो हात टेबलाखाली नसतो माझा. कागदावर पालथा असतो, बोटं पसरून. तसा काढ. ह्या पोपटांवर. मग मोजा म्हणावं घरं.

सिद्धेश्वरी : बघितल्याशिवाय कसा काढू? तुम्ही बसा समोर.

महादेवप्पा : हितं? आत्ता?

वैजयंती : खुर्ची देते.

महादेवप्पा : बसतो. दार तेवढं लोटून घ्या, बाई.