दुहेरी शिवण

नाही हो, तुमच्या शिवणीचा काही दोष नाही — छे, छे, काय सुरेख शिवण! मी लाँड्रीत दिवसभर लोकांच्या शर्टांवरून इस्त्री फिरवतो, मला कळतं ना शिवण काय असते ते — दोष माझ्या गुडघ्याचा. आणि या दाराचा. हे माझ्या बाजूचं दार उघडतच नाही, गाडी घेतली त्या दिवसापासून. म्हणजे काय, मी तुमच्या बाजूनं आत शिरायचं, आता तुम्ही बसलात ना, त्याच सीटवर गुडघा टेकायचा, गिअरच्या दांड्यावरून पाय काढायचा आणि इकडं येऊन पडायचं. रोज! उतरताना पुन्हा तेच, उलटं. मग सीट फाटणार नाही तर काय होईल? आता तुम्हीच म्हणालात, बसून बघते, शिवण वजन धरते का — बघा ना, सावकाश बघा, मला घाई नाही. घाई असून उपयोगही नाही, तुम्ही उतरल्याशिवाय मला उतरता येत नाही. फक्त ती दोरी तेवढी ओढू नका. ती हो, खिडकीतून आत आलीय ती. तिच्या दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळा आहे, तो तुमच्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली आहे, आणि या उतारावर आपण दोघं त्या ठोकळ्याच्या भरवशावर बसलोय. हँडब्रेक? आहे की. दिसायला आहे.

हसलात! हसा, सगळेच हसतात. मी खरं तर स्कूटर घ्यायला गेलो होतो — साधी, आईला मागं बसवता येईल अशी. तर कोपऱ्यात ताडपत्रीखालून हिचा एक दिवा दिसला — गोल, डोळ्यासारखा, दुसरा नव्हताच — आणि मला वाटलं, ही डोळा मारतेय. मला! मला आजवर कुणी — असो. दलालाला विचारलं, चालते का? तो म्हणाला, ‘चालते? अरे राजा, पळते!’ खोटं नाही बोलला. पळते. उताराचं तेवढं सांगायचं राहिलं त्याचं. स्टार्टर गेलेला, त्यामुळे ढकलायची नाहीतर उतारावर सोडायची, मग ती खोकते, शिंकते, आणि मग असा काही आवाज करते ना — स्पोर्ट्‌स कार आहे हो शेवटी, माझ्या आधी जन्मली म्हणून काय झालं! आणि किंमत स्कूटरएवढी! मी घरी गेलो तो ओरडतच, आई, लुटलं आपण त्याला! आई बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, ‘चार आण्याची कोंबडी. आता मसाला मोज.’

मसाला! अहो, काय काय सांगू? दुसरा दिवा मिळाला, पण दुसऱ्याच गाडीचा, म्हणून ती आता जरा तिरळं बघते. खालून तेल गळतं, तिथं आईचं कपडे भिजवायचं घमेलं ठेवलं. आईनं नवं आणलं, तर छत गळायला लागलं, ते घमेलं आत ठेवलं. आता आई कपडे बादलीत भिजवते आणि माझ्याकडे बघते. मिस्त्री तर इतक्या वेळा येतो, की आई त्याला भाऊजी म्हणायला लागली — त्याचा चष्मा आमच्याकडे असतो हो, त्याच्या घरून माणूस न्यायला येतो! आणि उताराचा खर्च? तो तर कुणी धरतच नाही. सपाटावर मी थांबूच शकत नाही. पिक्चर कुठला लागलाय ते नंतर, थिएटर चढावर आहे का ते आधी. दातांचा डॉक्टर बदलला मी. जुना चांगला होता, पण सपाट होता. आणि तुमचं दुकान कसं सापडलं असं वाटतं? सीट शिवणारे खाली बाजारात ओळीनं बसलेत, पण उतारावर एकटं हेच. मी आलो, तुम्ही तोंडात टाचण्या धरल्या होत्या, मान वर न करता म्हणालात, ‘ठेवा तिथं.’ मी ठेवली. मग गेलो. मग पुन्हा फाटली. मग पुन्हा. तुमचे बाबा काय म्हणतात ते ऐकलंय मी — ‘आले बघ ते फाटके.’ नाही, राग कसला? कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं.

काय म्हणालात? दुहेरी? आतून चामड्याचा पट्टा घातलात, वरून दुहेरी शिवण... म्हणजे आता नाही फाटणार. गुडघा टेकला तरी? आणि समजा, जोरात टेकला? कधीच नाही. वा. वा, वा. बाबांनीच सांगितलं असेल, एकदाचं पक्कं करून टाक, सारखा हेलपाटा पडतो बिचाऱ्याला. भले आहेत हो. नाही नाही, आनंदच झालाय, माझा चेहराच असा आहे. बरं — छत शिवता का तुम्ही? नाही. उशी वगैरे? गाडीत उशी कशाला, हो, तेही खरंच. म्हणजे तुमच्याकडचं आता काहीच... संपलं. छान.

दाराचं काय? हां, दार. मिस्त्रीही तेच म्हणाला. आत एक खीळ अडकलीय, तासाभराचं काम, पैसेही नको म्हणाला, घरचाच झालाय ना तो. मीच म्हटलं, राहू दे. का म्हणजे — दार झालं की मी तिकडून उतरणार, मग सीट फाटणार नाही, मग मी इथं कशाला —

उतार चांगला आहे हो तुमचा.

मी एवढं बोलत नाही कधी. लाँड्रीत विचारा, पावती पुढं सरकवतो, की झालं. शाळा लवकर सुटली माझी, वडील गेले तेव्हा — सगळे हळहळले, आणि मला मनातून काय वाटलं माहितेय, हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तरी वाचलं! गाडीत एक बरं असतं, दोघांनाही समोरच बघायचं असतं. तुम्ही मात्र इकडं बघताय. नका ना बघू, माझं वाक्य पळतं. वाक्य असं होतं, की रविवारी... इथून तळ्यापर्यंत सगळा उतारच आहे. वारा लागतो, छत काढता येतं, म्हणजे आपोआपच निघतं ते. फाटलं तरच भेटायचं असं कुठं — दुहेरी शिवणीचे लोकसुद्धा भेटतातच की! येताना चढ आहे. येताना ढकलावी लागते. हे आधीच सांगितलेलं बरं, मला दलालानं नव्हतं सांगितलं.

झालं. बोललो. अरे देवा, बोललो! आता असं करा, जरा उतरता का? नाही, सीट छान आहे, शिवण छान आहे, मला फक्त इथून पळून जायचंय आणि तुम्ही वाटेत बसलाय. उतरा ना. उतरत नाही? का? बाबा बघतायत हो, चष्म्यावरून. आणि त्या दोरीशी खेळू नका, ती बोटाला गुंडाळू नका, अहो, ती —

ओढलीत! ठोकळा — ठोकळा आत घ्या, लोंबकळतोय — दुकान मागं चाललं, बाबा उठले — हात करतायत की मूठ दाखवतायत? — काहीतरी धरा, ते नको, ते हातात येतं — हसू नका, मला सुचत नाही — रविवार नाहीये हो आज! — थांबा, दुसरा गिअर, क्लच... आता ती खोकेल, एक अक्षर बोलू नका. मीही नाही बोलत.