नामदेव मिस्त्रीसाठी लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या

मंडळी, एवढ्या उन्हाचे तुम्ही सगळे राहात्याला आलात. नामदेव मिस्त्रीबद्दल बोलायला मला उभं केलंत. पण खरं सांगू? मला रडू येत नाही, राग येतोय. त्याचाही, आणि माझाही.

आम्ही एका वर्गात शिकलो. मी मास्तर झालो, तो इंजिनाचा मिस्त्री. त्याच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. आणि तोंड? ते तुम्ही जाणता.

साखर कारखान्यात जागा निघाली तेव्हा तो माझ्याकडे आला. "गंगाधर, चार वळी लिहून दे." मी लिहिलं, 'कामात हुशार, स्वभावाने शांत.' शांत! महिन्याच्या आत फोरमन त्याला म्हणाला, चालत्या पट्ट्यात हात घालून बघ. हा म्हणाला, "आधी तुमी घाला." नोकरी गेली. मॅनेजरनं मला बोलावून चारचौघांत विचारलं, "मास्तर, शांत माणूस असा असतो?" मी मान खाली घालून परत आलो आणि नामदेवावरच ओरडलो. त्याचा हात शाबूत राहिला, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही!

पुढं पिठाच्या गिरणीवर माणूस हवा होता. मालकानं मला नामदेवाबद्दल विचारलं. या खेपेला मी खरं लिहिलं, 'कामात पक्का, तोंडाने फटकळ.' मालकानं ती चिठ्ठी त्यालाच वाचून दाखवली.

तो तडक शाळेत आला.

"ह्ये तू लिवलंस?"

"लिहिलं. खोटं आहे का?"

"न्हाई. खरं हाय. पर तू लिवायचं व्हतं व्हय?"

सांगा मंडळी, काय उत्तर द्यायचं? खोटं लिहिलं, तर मी तोंडघशी पडलो. खरं लिहिलं, तर मित्र गेला. मग लिहायचं तरी काय माणसानं?

तीन वर्षं तो बोलला नाही. बाजारात मी दिसलो की सायकल वळवायचा. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, येईल तो. आणि गेल्या आठवड्यात चार दिवसांच्या तापानं गेला.

काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते रोज म्हनायचे, गंगाधर यील." दोन गल्ल्यांचं अंतर, मंडळी! दोन गल्ल्या!

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

नामदेवा, मीच यायला हवं होतं. रामराम.