चाळीस आईबाबांचा एक फोटो

आईबाबांचे चाळीस वर्षांचे फोटो एका फोल्डरात यशस्वीपणे जमा झाले. निदान कॉम्प्युटरचं म्हणणं तसं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ होते.

“ताई, मी लिहिलेल्या स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमनं, वर्षावर्षाच्या फोल्डरात शिरून ‘आईबाबा’ नावाचा प्रत्येक फोटो आणला.”

“मग एकच कसा दिसतोय?”

“नाव एकच ना! पुढचा मागच्याच्या जागी बसत गेला.”

“आणि मूळचे?”

“‘चाळीस फाइली कॉपी झाल्या’ असं आलं, म्हणून पुसले.”

“शहाण्या! उद्या त्यांच्या लग्नाचा वाढदिवस, पडद्यावर काय दाखवायचं? उरलेल्यात बाबांचे डोळे मिटलेत!”

“आई मात्र छान आलीये.”

“फॉर्म भर गुपचूप. काय लिहितोयस?”

“‘आईबाबांची मागील एकोणचाळीस वर्षे मूळ क्रमाने, उद्या सकाळपर्यंत परत मिळावीत, ही नम्र विनंती.’”