गालातली भिंत

तोंड पुरतं उघडेना, तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा मी सोडला, असं निदान घरी सगळ्यांना ठाऊक होतं. फुलसावंगीच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि माझी मुलगी वैष्णवी आठवीत माझ्याच वर्गात आहे. त्या दिवशी कांद्याचा पापुद्रा दाखवून मी सांगितलं, "वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, प्राण्याच्या पेशीला नसते." मग स्वतःचा गाल आतून काडीने खरवडला आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वैष्णवी पहिली आली.

"सर, ह्या पेशीइले तं भिंत दिसून राह्यली."

"नीट पाह्य. गालातल्या पेशी आहेत त्या."

"नीटच पाहून राह्यली. जाड भिंत आहे. हे वनस्पतीचंच होय."

मी डोळा लावला. भिंत होतीच. दोनदा चूळ भरूनही सुपारीचा कण राहिला होता.

मागून कोणीतरी म्हणालं, "सरच्या गालात झाड उगवलं काय?"

वर्ग हसला, वैष्णवी हसली नाही. शाळेत मला चुकूनही बाबा न म्हणणारी ती पोर हळूच म्हणाली, "बाबा, आईले तुम्ही सांगता का मी सांगू?"