सिस्टरने केलेली नोंद

हॉस्पिटलच्या अधीक्षकांच्या दाराबाहेर, बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

“त्या पेशंट बाईंना फार काही झालं नाही ना?”

“नको ते औषध दिलं गेलं, अंगभर पुरळ उठलं, आई. आता बऱ्या आहेत. पण ॲलर्जीची नोंद केली नाही म्हणून सिस्टरला मेमो मिळालाय.”

“आणि तिने केली होती?”

“केली होती गं. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथे मी एनम ठेवलाय, म्हणजे तीनच ठरलेले पर्याय. आहे, नाही, माहीत नाही. तिने ‘आहे’ निवडलं.”

“मग ते गेलं कुठे?”

“पेशंटची माहिती मी प्रोग्रॅममध्ये स्ट्रक्ट नावाच्या साच्यात ठेवली होती. स्ट्रक्ट पुढे दिला की त्याची प्रत जाते. सिस्टरचा बदल झाला प्रतीत, औषधवाल्यांना दिसलं जुनंच.”

“म्हणजे झेरॉक्सवर लिहिलं आणि मूळ कागद तसाच.”

“अगदी. स्ट्रक्टऐवजी क्लास नावाचा साचा केला असता तर सगळ्यांपुढे एकच वही असती. कुणीही लिहा, सगळ्यांना दिसतं.”

“तुला ठाऊक नव्हतं?”

“होतं. घाई केली.”

“तुझी कंपनी काय म्हणते?”

“गुपचूप दुरुस्त कर आणि गप्प बस.”

“नोकरी जाईल हं.”

“जाईल कदाचित.”

“बरं. कपाळावरचे केस नीट कर. आणि बोलताना खाली बघू नकोस.”

शिपायाने हाक मारली.

“तू बाहेरच थांब, आई.”

“थांबते. दार तेवढं उघडं ठेव.”

दार उघडंच राहिलं.

“सर, सिस्टरनी नोंद केली होती,” आतून आवाज आला. “चूक माझी आहे.”