तालमीच्या भिंतीवरचे वस्ताद

पुण्याच्या पाहुण्याला कोल्हापूर पायी दाखवू नये, त्याला भिंतीभिंतीत चूक दिसते. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. माझा मित्र अवधूत, पुण्यात चित्रकलेचा मास्तर. त्याला पेठेतल्या रंगवलेल्या भिंती दाखवत हिंडत होतो. एका तालमीच्या भिंतीवर पैलवानाचं थोरलं चित्र होतं आणि पेंटर शिडीनं सज्ज्यावर चढून त्याचा फेटा रंगवत होता.

अवधूत मोठ्यानं म्हणाला, “असले खांदे माणसाला असतात का?”

“हैत की!” मागनं आवाज आला. तालमीचे वस्ताद. चित्र त्यांचंच! त्यांनी सदरा काढला आणि चित्राशेजारी जाऊन उभे राहिले. “आता बोला पावणं, काय चुकलंय?”

आत जोर मारणारे पैलवान थांबले. मी अवधूतचा पाय दाबला. तरी हा म्हणालाच, “खांदे बरोबर आहेत. पोट तेवढं राहिलंय.”

तेवढ्यात वरनं पेंटर ओरडला, “काढणार हुतो की पावणं! भिंत पुरली न्हाय!”

वस्तादांनी सदरा घातला, त्याच खांद्यावर पेंटरची शिडी टाकली आणि आत निघून गेले.